‘ॲस्ट्रॉलॉजाइझ’ला मराठीत काय म्हणायचं?

रिकामी_दौत

मंडळी, एका शब्दाने चार दिवस छळलंय.

हातात एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद आहे (नाव विचारू नका, सांगायची परवानगी नाही). लंडन, १६६५, प्लेगचं वर्ष. माळ्यावरच्या खोलीत एक म्हातारा भाडेकरू राहतो आणि तो रात्र रात्र मेणबत्ती जाळून ‘ॲस्ट्रॉलॉजाइझ’ करत बसतो. चक्क क्रियापद.

अर्थ अवघड नाही. वेबस्टरच्या १८२८ च्या कोशात ‘ज्योतिषाचा व्यवसाय करणे’ एवढाच आहे. १९१३ च्या आवृत्तीत त्यात ‘एखाद्या गोष्टीला ज्योतिष लावणे’ आणि ‘ज्योतिषाचा अभ्यास करणे’ यांची भर पडली. एका ॲपने मला ‘ज्योतिषीकरण करणे’ असं उत्तर दिलं. शहरीकरण, विद्युतीकरण, ज्योतिषीकरण! घरोघरी जोशी पोचवायची सरकारी योजना वाटते.

‘ज्योतिष बघत बसला’ असं लिहिलं तर तो वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचतोय असं वाटतं. ‘ज्योतिष सांगत बसला’ म्हणावं तर खोलीत दुसरं माणूस नाही. तर यासाठी आपल्याकडे एका शब्दाचं क्रियापद आहे का? नसेल तर का नाही? आणि हे इंग्रजी क्रियापद नक्की कुठल्या सुरात बोलतं?

खडूस_मास्तर

सुराचा प्रश्न आधी घेतो, कारण कोशात तोच सापडत नाही.

शेपटीचा ‘आइझ’ मूळचा ग्रीक ‘इझेइन’. तिथून उत्तरकालीन लॅटिन, मग फ्रेंच, मग इंग्रजी. (तो झेडने लिहावा की एसने यावर लोक उगाच भांडतात. झेड म्हणजे अमेरिकन असं आपल्याला शाळेत शिकवलं, पण ऑक्सफर्डवाले आजही झेडच लिहितात.) या शेपटीची कामं बरीच. ‘मॉडर्नाइझ’ म्हणजे आधुनिक करणे. पण ‘फिलॉसफाइझ’ म्हणजे कशाला तत्त्वज्ञान बनवणे नव्हे, तर तत्त्वज्ञान करत बसणे. ‘बॉटनाइझ’ म्हणजे झाडंझुडपं गोळा करत हिंडणे. ‘जिऑलॉजाइझ’ म्हणजे हातोडी घेऊन खडक फोडत फिरणे. डार्विनच्या पत्रांत हा शब्द भेटतो. तुमचा म्हातारा या दुसऱ्या घरातला, त्यामुळे ‘ज्योतिषीकरण’ बादच.

या घरातल्या क्रियापदांना छंदाचा वास असतो, आणि बोलणारा खवचट असेल तर कुचेष्टेचाही. ‘फिलॉसफाइझ करू नकोस’ म्हणजे उगाच ज्ञान पाजळू नकोस. इंग्रजीत हा ‘ॲस्ट्रॉलॉजाइझ’ रोजच्या वापरातला शब्द कधीच नव्हता. लेखिकेने तो मुद्दाम उचललाय. आधी तिचं नाक किती वर आहे ते बघा, मग शब्द निवडा.

तिरफळ

मास्तर, उत्तर तुम्हीच दिलंत. ‘ज्योतिष पाजळत बसला.’

नाहीतर नामधातू पाडू. राग-रागावणे, कंटाळा-कंटाळणे, हात-हाताळणे, तसं जोशी-जोशावणे. ‘म्हातारा रात्रभर जोशावला.’ वाचक चहा सांडेल हे मान्य.

रिकामी_दौत

@तिरफळ, संपादकबाईंना पाठवते तुमच्या नावाने :)

पंचांगवाला_नातू

ताई, हा प्रश्न मला घरचा आहे. आमचे आजोबा कोकणात गावजोशी होते. गावकीतलं जोशीपण त्यांच्या वडलांकडून आलेलं, माझ्या वडलांनी सोडलं आणि एसटीत लागले. मला त्यातलं फक्त आजोबांचं बोलणं आठवतं, पण तुमच्या कामाचं तेवढंच आहे.

आजोबा ‘मी ज्योतिष करतो’ असं कधीही म्हणाले नाहीत. ते लग्न ‘काढत’, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला कुठली रास उगवत होती ते. मग ग्रह ‘स्पष्ट करत’, म्हणजे त्या वेळी ते नेमके कुठे होते ते काढत. मग कुंडली ‘मांडत’. इथवर सगळं गणित, पंचांग मांडीवर, पाटी पुढ्यात, आणि मध्ये कोणी बोललं की शिवी. त्यानंतर पत्रिका ‘बघत’. या बघण्यात पाटीवर काही उमटत नसे, नुसतं टक लावून बसायचं. दोन पत्रिका असल्या तर ‘जुळवत’. आणि सगळ्यात शेवटी, समोरच्याने दोनदा विचारलं तर, ‘सांगत’. तेही अर्धं. ‘वर्तवणे’ हे क्रियापद त्यांनी फक्त पावसासाठी वापरलेलं ऐकलं.

म्हणजे आपल्याकडे शब्द नाही असं नाही, सात आहेत. आपण धंद्याला क्रियापद दिलं नाही, धंद्यातल्या एकेका पायरीला दिलं. सुतार ‘सुतारतो’ का? तासतो, रंधतो, सांधतो.

तेव्हा तुमच्या म्हाताऱ्याच्या हातात त्या क्षणी काय आहे ते सांगा. पुढ्यात कागद आहे? लिहितोय की नुसता बघतोय? आणि पत्रिका कोणाची?

खडूस_मास्तर

‘सुतार सुतारतो का’ हे वाक्य मी चोरणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

थेम्सकाठी

इकडे इंग्लंडात राहून जुन्या पंचांगांचा नाद लागलेला मी एक. नातूंचं वर्गीकरण वाचून उडालोच, कारण १६६५ चे इंग्रज ज्योतिषीही असंच बोलत.

त्या काळचा तिथला नामांकित ज्योतिषी म्हणजे विल्यम लिली. १६४७ मध्ये त्याने ज्योतिषाचा जाडजूड ग्रंथ लॅटिन सोडून सरळ इंग्रजीत लिहिला. हे लोक कुंडलीला ‘फिगर’ म्हणत आणि ती ‘कास्ट’, ‘सेट’ नाहीतर ‘इरेक्ट’ करत. म्हणजे मांडत किंवा उभारत. आणि ती गोल नव्हती बरं का! चौकोन, त्यात आडवेतिडवे छेद देऊन बारा घरं, मधल्या रिकाम्या चौकटीत तारीख, वेळ आणि प्रश्न. आपल्या पत्रिकेतल्या चौकटीची सख्खी नाही तरी चुलत बहीण शोभेल.

बरेचसे लोक जन्मपत्रिका घेऊन येतच नसत, कारण जन्मवेळ माहीत कोणाला? ते प्रश्न घेऊन येत, आणि प्रश्न विचारला त्या क्षणाची कुंडली मांडली जाई. आपल्याकडची प्रश्नकुंडली. लिलीच्या आधीच्या पिढीतले सायमन फोरमन आणि रिचर्ड नेपियर यांच्या वह्यांत अशा सुमारे ८० हजार नोंदी आहेत. केंब्रिजच्या अभ्यासकांनी त्या सर्वांसाठी खुल्या केल्यात. बहुतेक दुखण्याखुपण्याच्या. नवरा परत येईल का, हरवलेली वस्तू कुठे, हेही आहेच.

लिलीचा मासळीचा किस्सा तर सांगायलाच हवा. १६३८ चा फेब्रुवारी. ईस्टरआधीचा, मांस वर्ज्य असलेला लेंटचा उपास तोंडावर आलेला, म्हणून त्याने लंडनमध्ये मासळी घेऊन ठेवली आणि नदीतून गावी पाठवायला नावाड्याकडे दिली. ती वाटेत चोरीला गेली. बातमी कळली त्या वेळेची कुंडली पठ्ठ्याने मांडली, चोर पाण्याजवळ राहणारा कोळी असावा असं काढलं, गावात चौकशी केली, वॉरंट मिळवलं आणि जाऊन धडकला. मासळी सापडली, पण अर्धी खाऊन झाली होती. हे त्याने स्वतःच्या ग्रंथात उदाहरण म्हणून छापलंय, कुंडलीसकट. (गावात मासे चोरणारा कोळी असणार हे कळायला ग्रह लागतात का, हा प्रश्न माझ्या बायकोचा.)

आणखी एक. त्याच काळात थट्टेखोर लोक ज्योतिष्याला ‘फिगर-फ्लिंगर’ म्हणत. ‘कास्ट’चा एक अर्थ फेकणे, म्हणून हा फिगर भिरकावणारा.

तिरफळ

फेकू! साडेतीनशे वर्षांपूर्वीचा फेकू! दंडवत घ्या.

अर्धा_कप

थेम्सकाठी, ‘कास्ट’चा मूळ अर्थ फेकणे हे खरं, पण कुंडलीत फेकायचं काय? मला वाटतं ही हिशेबातली ‘कास्ट’ असावी. बेरीज करणे याला इंग्रजीत पूर्वी ‘कास्ट अकाउंट्स’ म्हणत. हिशेबाच्या पाटावर चकत्या टाकून बेरजा करत, त्यावरून. मी सीए आहे, आमच्या ऑडिटमध्ये अजूनही उभ्या बेरजा तपासण्याला ‘कास्टिंग’ म्हणतात. आर्टिकलशिप करताना तीन वर्षं तेच केलंय.

आणि मराठीत बघा. हिशेब काय करतात? मांडतात. गणित मांडतात. कुंडलीही मांडतात. दोन्ही भाषांनी ज्योतिष्याचं क्रियापद वाण्याच्या पेढीवरून उचललं.

थेम्सकाठी

बरोबर, तीच ती. आणि एवढंच नाही. ‘कॅल्क्युलेट’ सुद्धा त्या काळात भविष्य काढणे या अर्थाने चाले. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये कॅशियसच्या तोंडी ते तसंच आलंय. मागे गेलात तर रोममध्ये ज्योतिष्याला ‘मॅथेमॅटिकस’ म्हणत. टायबेरियसच्या राज्यात, इ. स. १६ मध्ये, सिनेटने ज्यांना इटलीबाहेर हाकललं ते ‘मॅथेमॅटिकी’ म्हणजे गणिताचे मास्तर नव्हेत.

खडूस_मास्तर

थोडक्यात वाचलो.

आपल्याकडे ‘गणक’ म्हणजे ज्योतिषी, आणि आज आपण सगळे ज्यावर हे टंकतोय तो संगणक.

विवेकी_विळा

इतक्या प्रतिसादांत एकानेही मुद्द्याचं लिहिलं नाही. मांडा, काढा, फेका, निष्पन्न काय होतं? २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, दाभोलकर वगैरेंनी चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून दिल्या, कुठली कोणाची ते ओळखा. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. यासाठी मराठी क्रियापद आधीच आहे, ‘थापा मारणे’.

शनी_वक्री

विळेसाहेब, ४० पत्रिकांच्या चाचणीने शास्त्र खोटं ठरत नाही. डॉक्टरांचं निदान चुकत नाही का? माझ्या साडेसातीत जे जे सांगितलं होतं ते ते

धागाराखण

इथेच थांबा. ज्योतिष खरं की खोटं यावर आपल्याकडे अकरा धागे आहेत, त्यातला शेवटचा ४०० प्रतिसादांवर कुलूपबंद आहे. इथे फक्त शब्दांवर बोला. वरचे दोन प्रतिसाद ठेवतोय, पुढचे उडवीन.

रिकामी_दौत

आभार, राखणदार.

जुना_पोथीवाला

शब्दांवरच बोलायचं तर ‘ॲस्ट्रॉलॉजी’ या नावाकडे थोडं थांबू. ग्रीकात ‘ॲस्ट्रॉन’ म्हणजे तारा, ‘लोगोस’ म्हणजे वाणी, विचार, शास्त्र. ‘ॲस्ट्रॉनॉमी’तला ‘नोमोस’ म्हणजे नियम. हजारेक वर्षं ही दोन्ही नावं जवळपास अदलाबदल करून वापरली जात. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर दोन्हींत भेद करतो, तरी लोक आपले गोंधळ घालतच राहिले. आपल्याकडेही ‘ज्योतिष’ हे एकत्र कुटुंबाचं नाव, त्यात गणित, संहिता (शकुन, पाऊसपाणी) आणि होरा (पत्रिकेवरून भविष्य) असे तीन भाऊ. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ उघडलात तर राशिभविष्य शोधून दमाल. त्यात मुख्यतः ग्रहगणित आणि त्याचा इतिहास आहे. आणि तो मूळ मराठीत आहे, हे सांगताना माझी छाती अजूनही दोन इंच फुगते.

आता ‘होरा’. इंग्रजी ‘हॉरोस्कोप’मधला पहिला तुकडा म्हणजे ग्रीक ‘होरा’, वेळ. ‘अवर’ त्यातलाच. दुसरा ‘स्कोपोस’, पाहणारा. आणि आपली होराही तीच.

शनी_वक्री

पोथीवाले, होरा हा शुद्ध संस्कृत शब्द आहे. ‘अहोरात्र’मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की होरा. खुद्द वराहमिहिराने बृहज्जातकात लिहिलंय. हा शब्दांचाच मुद्दा आहे, उडवू नये.

जुना_पोथीवाला

लिहिलंय, पण नीट वाचा. ‘एके वाञ्छन्ति’, म्हणजे ‘असं काही जण मानतात’, असं लिहून त्याने अंग काढून घेतलंय. पुढे त्याच अध्यायात तो राशींची पर्यायी नावं देतो: क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प, तौक्षिक, आकोकेर… यांतल्या एकाची तरी संस्कृत व्युत्पत्ती लावून दाखवा. ग्रीकात मात्र क्रिओस म्हणजे मेंढा, ताउरोस बैल, लेओन सिंह, पार्थेनोस कुमारी, स्कॉर्पिओस विंचू. पत्रिकेतली केंद्रस्थानं ‘केंट्रॉन’वरून. पत्रिकेतलं विवाहाचं सातवं घर ‘जामित्र’, ते ‘डायमेट्रॉस’वरून, म्हणजे पहिल्या घराच्या बरोबर समोरचं. नवराबायको समोरासमोर, यात माझ्या मते ग्रीकांनी अनुभव ओतलाय.

वराहमिहिराला याची लाज वाटली नव्हती. बृहत्संहितेत तो म्हणतो की यवन (म्हणजे ग्रीक) म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलंय, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. सहाव्या शतकातला माणूस जे मोकळेपणी मान्य करतो ते आपण का नाही करायचं?

अर्धा_कप

म्हणजे ‘केंद्र सरकार’मधलं केंद्र पत्रिकेतून आलं?

जुना_पोथीवाला

शब्द ग्रीकांकडून आला आणि गणित-ज्योतिषातून रुळला, एवढं नक्की. सरकारची कुंडली तुम्ही मांडा.

कोळंबीची_खिचडी

थोडं अवांतर. इंग्रजी बोलणारा माणूस रोज नकळत ‘ॲस्ट्रॉलॉजाइझ’ करत असतो. ‘डिझास्टर’मध्ये ‘ॲस्ट्रो’ आहे, म्हणजे तारा फिरलेला. ‘इन्फ्लुएन्झा’ हा इटालियन शब्द, ताऱ्यांच्या प्रभावाने आलेली साथ. ‘जोव्हियल’ गुरूचा, ‘सॅटर्नाइन’ शनीचा, ‘लुनॅटिक’ चंद्राचा. आपली ‘अवदसा’ही अवदशाच, ग्रहांच्या दशेतली. आणि ‘माझ्याबद्दल ग्रह करून घेतलास’ यातला ग्रहसुद्धा.

खडूस_मास्तर

अवदसा बरोबर. शेवटचा नाही. ‘ग्रह करून घेणे’मध्ये मंगळ-शनी कोणी नाही. धातू ‘ग्रह्’, पकडणे. आग्रह, पूर्वग्रह, संग्रह तिथलेच. आकाशातला ग्रहही त्याच धातूचा, माणसाला धरतो म्हणून. म्हणजे दोघे भाऊ आहेत, बापलेक नव्हेत.

कोळंबीची_खिचडी

मान्य, मास्तर. ग्रह दूर झाला.

काळा_डगला

वकील आहे, म्हणून उशिरा आणि आगाऊ. नातूंनी ‘मांडणे’ आणि ‘सांगणे’ वेगळं काढलं, त्यावर माणसाला दंड झालाय.

इंग्लंडचा १८२४ चा भटक्यांविरुद्धचा कायदा, व्हेग्रन्सी ॲक्ट. त्याच्या चौथ्या कलमाने भविष्य ‘सांगण्याचा’ आव आणणारा दंडपात्र होता. कलमात ‘ॲस्ट्रॉलॉजाइझ’ नाही, ‘टेल फॉर्च्युन्स’ आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ॲलन लिओ नावाचा गृहस्थ टपालाने पत्रिका करून पाठवायचा मोठा धंदा करत होता. १९१४ मध्ये त्याच्यावर खटला भरला, सुटला. १९१७ मध्ये पुन्हा भरला. त्याचं म्हणणं, मी भविष्य सांगत नाही, मी कल दाखवतो. कोर्टाने ऐकलं नाही. पाच पौंड दंड आणि वर खर्च. त्याच वर्षी तो वारला.

आजचे ज्योतिषी ‘योग आहेत’, ‘काळजी घ्यावी’, ‘शक्यता दिसते’ असं बोलतात ना, त्याची मला यानंतर गंमत वाटायला लागली. क्रियापद टाळायचं कसब आहे ते.

पंचांगवाला_नातू

आजोबांचं अर्धं सांगणं आता कळलं. आम्हाला वाटायचं दक्षिणा कमी पडली.

राजेहो_थांबा

नागपूरकडून एक भर. आमच्या बाजूला अर्धवट ज्योतिष्याला ‘कुडमुड्या जोशी’ म्हणतात, तिकडेही म्हणत असतील. कुडमुडं वाजवत दारोदार भविष्य सांगत फिरणारे ते कुडमुडे जोशी, त्या बिचाऱ्यांचं नाव शिवीत गेलं. ताई, तुमचा म्हातारा व्यावसायिक नसून हौशी असेल तर हा रंग चालेल. फक्त लंडनच्या माळ्यावर कुडमुडं कसं नेता ते बघा राजेहो.

रिकामी_दौत

नेणार नाही :) ‘जोशी’ही नेणार नाही आणि ‘पत्रिका’ही नाही. पत्रिका म्हटलं की मला हळदीकुंकवाची बोटंच दिसतात. थेम्सकाठींच्या चौकटीमुळे ‘कुंडली’ मात्र बिनधास्त चालेल असं वाटतंय.

नातूंनी विचारलं होतं की म्हाताऱ्याच्या हातात काय आहे. लाज वाटते सांगायला, मी त्या एका शब्दाशी झटत बसले आणि पुढची दोन पानं नीट वाचलीच नव्हती. काल वाचली. खाली रस्त्यावर एका घराला प्लेगची तांबडी फुली मारलीय, आत त्याची मुलगी अडकलीय. त्याच्यापुढे पाटी आहे, खडू आहे. प्रश्न एकच: ती वाचेल का. तो कुंडली मांडतो, उत्तर आवडत नाही, पुसतो. पुन्हा मेणबत्ती, पुन्हा नवा क्षण, पुन्हा मांडतो. आणि ‘ॲस्ट्रॉलॉजाइझ’ हा शब्द लेखिकेचा नाहीच. तो घरमालकिणीचा आहे. ती खालून ओरडते की वर हा नुसता हे करत बसतो आणि माझ्या मेणबत्त्या जाळतो.

मास्तर, नाक वर आहेच. पण घरमालकिणीचं.

खडूस_मास्तर

मग दोन जागी दोन शब्द. मालकिणीच्या तोंडी ‘ज्योतिष पाजळत बसतो’. तिरफळ जिंकले, मला हे लिहायला लागावं!

पंचांगवाला_नातू

आणि निवेदनात ‘मांडत होता, पुसत होता’. बाकी काही नको. एकाच प्रश्नाची कुंडली पुन्हा मांडू नये असा आमच्याकडे दंडक होता. आजोबांनी तो एकदा मोडलेला मी पाहिलाय, माझी आत्या आजारी होती तेव्हा.

थेम्सकाठी

एक छोटी सूचना. १६६५ आहे, पुढल्या वर्षी लंडन जळणार. लिलीने १६५१ मध्येच काही गूढ चित्रं छापली होती. कफनातली प्रेतं आणि खड्डे खणणारे एकात, आगीत पडणारी जुळी मुलं दुसऱ्यात. मिथुन ही लंडनची रास मानत. त्यावरून ऑक्टोबर १६६६ मध्ये त्याला संसदेच्या समितीपुढे बोलावलं, आग तूच लावलीस की काय म्हणून. कादंबरीत पुढे जुळ्यांचा उल्लेख आला तर नुसतं ‘जुळी’ लिहू नका, मिथुन लक्षात ठेवा.

रिकामी_दौत

पान २११ वर आहेत जुळी! मी ‘दोन पोरं’ करून टाकलं होतं. पळते दुरुस्त करायला.

तिरफळ

जिंकल्याबद्दल मास्तरांकडून एक कटिंग लागू. मुहूर्त कोण काढतंय?